जुनी नावे, जुने आकडे

ज्यांच्या वलयात कार्बनच्या जोडीला नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा गंधक बसलेले असते, त्या विषमवलयी संयुगांची बारशी कोणत्याही नियमाने झाली नाहीत. १८३४ मध्ये रुंगेला कोळशाच्या डांबरात एक पदार्थ सापडला. त्याची वाफ हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवलेली पाइनची ढलपी लाल करी, म्हणून लाल रंगाच्या ग्रीक शब्दावरून तो पायरोल झाला. फुरानच्या मुळाशी लॅटिनमधला कोंडा आहे. इंडोल निळीवरून आला, आणि निळीच्या ग्रीक नावात तर आपला देशच आहे. पुढे १८८७ मध्ये हान्ट्श आणि १८८८ मध्ये विडमन यांनी शिस्त आणली: ऑक्सा, थाया, अझा या उपसर्गांनी वलयातला पाहुणा अणू कळावा आणि प्रत्ययावरून वलयाचा आकार. तरीही पायरोल आणि पिरिडीन कोणी सोडले नाहीत, आणि आययूपॅकनेही ती नावे मान्य केली. हा पद्धतीचा पराभव समजला जातो, पण मला तो तसा वाटत नाही. पायरोल हा शब्द रचनेबद्दल काही सांगतच नाही, त्यामुळे तो कोणाला फसवूही शकत नाही. तो पाठ करावा लागतो, इतकेच. खरा धोका जुन्या आकड्यांत आहे, कारण आकडा नेहमीच नियमातून आल्यासारखा दिसतो.

पिरिमिडीनचे उदाहरण पाहा. सहा अणूंच्या या वलयात दोन नायट्रोजन आहेत आणि डावीकडून मोजा की उजवीकडून, ते १ आणि ३ वरच येतात. मग दिशा ठरवायची कशी? एमिल फिशरने १८९७ मध्ये प्युरीनच्या जोडवलयाला क्रमांक दिले होते: आधी षट्कोनाला १ ते ६, मग पंचकोनाच्या उरलेल्या जागांना ७, ८, ९. पिरिमिडीन हे त्या षट्कोनाचेच भावंड, म्हणून अनेक रसायनज्ञ त्यालाही त्याच दिशेने मोजत. पुढे वलयाला जोडलेल्या गटांना लहानात लहान आकडे देण्याचा नियम तिथे रुजला आणि सायटोसीनचा अमिनो गट ६ वरून ४ वर गेला. प्युरीन मात्र फिशरच्याच क्रमात राहिले. याची खूण एका जगप्रसिद्ध पानावर आहे. १९५३ च्या आपल्या लेखात वॉटसन आणि क्रिक यांनी प्युरीनची १ ही जागा पिरिमिडीनच्या १ शी आणि ६ ही ६ शी जोडली. आजचे आकडे लावून ते वाचणारा चक्रावेल, कारण आज पिरिमिडीनच्या त्याच जागांना ३ आणि ४ म्हणतात, आणि आजच्या ६ वर फक्त कार्बनला चिकटलेला एक हायड्रोजन आहे.

कोणी म्हणेल, जाणकार संदर्भावरून ओळखतोच. वॉटसन-क्रिकच्या बाबतीत ओळखेलही, कारण सोबत आकृती आहे. पण प्रोफ्लेविन घ्या. जखमांवर वापरलेले हे जंतुनाशक जुन्या ब्रिटिश लिखाणात २,८-डायअमिनोअ‍ॅक्रिडीन होते, आज ते ३,६ आहे. आजच्या क्रमांकांनी वाचले तर २,८ मधूनही एक रचना विनासायास उभी राहते, फक्त ती दुसऱ्याच संयुगाची असते. अर्थशून्य ठरलेले नाव निदान थांबवते तरी. अर्थ बदललेला आकडा न अडखळता भलतीकडे नेतो.

मग प्युरीनलाही नियमात बसवावे, हा आक्षेप वरवर सुसंगत आहे. पण कॅफीनचे १,३,७ आणि न्यूक्लिओसाइडमध्ये साखर धरून ठेवणारा ९ क्रमांकाचा नायट्रोजन हे सारे फिशरच्या क्रमावर उभे आहे. ते हलवले तर पिरिमिडीनचा घोळ दुसऱ्यांदा, आणि कितीतरी मोठ्या प्रमाणावर होईल. अपवाद जाहीर करून पाळणे हीच इथे शहाणी सोय आहे. संगणक रचनेवरून स्वतःचे क्रमांक काढतो, त्यामुळे ही चिंता उरली नाही, असेही सांगतात. नव्या संयुगांपुरते ते खरे आहे. ग्रंथालयातल्या जुन्या अंकात मात्र अनेकदा आकृती नसते, नुसते नाव असते, आणि संगणक ते नाव आजच्याच नियमाने वाचतो.