नायट्रस : बटणाची नव्हे, बाटलीची गोष्ट

'फास्ट अँड फ्युरिअस' (२००१) पाहिलेल्या आमच्या ऑफिसातल्या निम्म्या पोरांची समजूत आहे की नायट्रस म्हणजे बटण दाबलं की गाडी सुसाट. असेलही, पण खरी कटकट बाटलीची आहे. आणि ती गाड्यांपेक्षा जुनी आहे!

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हाच वायू विमानांत वापरला. नाव जीएम-१. फार उंचावर हवा विरळ, इंजिन गुदमरतं. नायट्रस इंजिनात तापून फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो, मग जादा इंधन जाळता येतं. काही मेसरश्मिट १०९ विमानांत ही सोय होती. पण दाबाखाली साठवायचा तर टाक्या जड. म्हणून तो गार करून द्रवरूपात नेऊ लागले. आता जो द्रव उणे ८८ अंशांना उकळतो, तो टाकीत किती टिकणार? आणि वापरला नाही तर वैमानिकाने नुसतं ओझं वाहायचं.

गाडीवाल्यांनी दाबाचीच वाट धरली. तिथे मेख ३६ अंशांची. त्यापुढे बाटलीत द्रव उरतच नाही, दाब झपाट्याने चढतो. बाटली गार पडली तर दाब उतरतो, नायट्रस कमी जातो. म्हणून ९००-९५० पीएसआय राखायला हीटर लावतात. (इंधनाच्या वाटेतली जाळीही साफ हवी. ती तुंबली तर पिस्टन वितळू शकतो.)

गंमत म्हणजे द्रव असेपर्यंत काटा फक्त दाब सांगतो, शिल्लक नाही. ती कळायला बाटली काढून वजनच करायचं. घरी आई सिलिंडर हलवून बघते ना, तस्सं.