काळारामाची किल्ली

धर्म, नीती, उदारमतवाद यांवर वाद रंगला की मला आपल्या पंचवटीतलं काळारामाचं दार आठवतं. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांचा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह तिथे सुरू झाला. दहाच दिवसांनी गांधीजी दांडीला निघाले. मिठासाठी देश उठला. या दारासाठी नाशिकही पुरतं उठलं नाही. आपल्या घरची सज्जन माणसं मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याच दाराने आत जात होती! दादासाहेब गायकवाडांनी लढा नेटाने चालवला, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं. पुढे घटनेच्या २५व्या कलमात धर्मस्वातंत्र्यासोबतच सार्वजनिक देवस्थानं सर्व हिंदूंना खुली करणाऱ्या कायद्यांची सोय झाली. सज्जनपणा पुरला नाही, कायदा लागला. धर्मात सरकार नको म्हणणाऱ्यांना म्हणूनच विचारतो, मग किल्ली कोणाकडे ठेवायची?