लेकरांचा तास कुठे गेला?

आजचा भाग टीव्हीच्या इतिहासावर आहे. लहान लेकरांचे कार्यक्रम मुख्य वाहिनीवरून उठून वेगळ्या वाहिन्यांवर गेले, ती गोष्ट आज बघू.

आमचं घर विष्णुपुरीचं. २००४-०५ च्या सुमारास आमच्याकडे अँटेनाच होता. वारं सुटलं की पडद्यावर मुंग्या. मग दादा गच्चीवर आणि मी खालून ओरडणार, "अजून थोडं डावीकडं!" रविवारी दुपारी शक्तिमान, तेही लोडशेडिंग नसेल तर. गल्लीत दोन घरी केबल होती. तिथं दिवसभर कार्टून चालायचं. आम्ही दारात चपला काढून विचारायचो, "काकू, थोडा वेळ बघू का?" काकू कधी हो म्हणायच्या, कधी नाही.

मला तेव्हा वाटायचं की हा फक्त पैशाचा फरक आहे. पण मागचा इतिहास वाचला आणि गोष्ट मोठी निघाली.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. बातम्या, शेतीचे कार्यक्रम, नाटकं आणि त्यातच लेकरांसाठी 'किलबिल'. वाहिनी एकच, त्यामुळे घरातले सगळे एकाच रांगेत. लेकरांची वेळ झाली की आजोबासुद्धा तेच बघायचे. पुढे इन्सॅट उपग्रह आला आणि १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' ही राज्याची संस्था सुरू झाली. काम एकच, मराठी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम बनवायचे आणि दूरदर्शनवरून दाखवायचे. शहरात ज्याच्या घरी टीव्ही त्याला दिसेल आणि खेड्यात शाळेत टीव्ही असेल तर तिथं दिसेल. तिची सुरुवातीची धून आजही कितीतरी लोक गुणगुणून दाखवतात.

मग १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं. २००४ या एकाच वर्षात पोगो, हंगामा आणि डिस्ने आले. दिवसभर फक्त लेकरांसाठी! ऐकायला छानच वाटतं. पण बघा काय झालं. जाहिराती तिकडे गेल्या, प्रेक्षक तिकडे गेला आणि मुख्य वाहिन्यांवरचा लेकरांचा वेळ हळूहळू आटला. तो बंद करायचा असा ठराव कुणी केला नाही. बालचित्रवाणीचं केंद्राचं अनुदान थांबलं, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि २०१७ मध्ये संस्था बंद झाली.

हेच स्थलांतर ब्रिटनमध्ये कसं झालं ते बघण्यासारखं आहे. बीबीसीने फेब्रुवारी २००२ मध्ये मुलांसाठी सीबीबीसी आणि सीबीबीज या दोन डिजिटल वाहिन्या काढल्या. पण बीबीसी वनवरचा मुलांचा वेळ लगेच काढला नाही. दहा वर्षं दोन्हीकडे कार्यक्रम चालू ठेवले. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिथलं जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण पूर्ण थांबलं, म्हणजे टीव्ही बघणारं प्रत्येक घर डिजिटल झालं. त्यानंतर, डिसेंबरमध्ये, बीबीसी वनवरचे मुलांचे कार्यक्रम हलवले. तरीही तिथं नाराजी झालीच.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला मायग्रेशन म्हणतो. नियम साधा आहे. जुनी सिस्टीम बंद करण्याआधी सगळे युजर नवीन सिस्टीमवर पोचले का ते तपासायचं. आपल्याकडे ते तपासणारं कुणी नव्हतं.

त्यामुळे लेकरांच्या दोन गोष्टी हुकल्या. पहिली, पोच. केबल डिजिटल झाली आणि घरोघरी डबा आला. २०१९ मध्ये नवे दर आले: १३० रुपये अधिक कर भरून शंभर मोफत वाहिन्या, पण लोकप्रिय कार्टून वाहिन्यांचे पैसे वेगळे. महिन्याचं बिल कमी करायचं ठरलं की बातम्या राहतात, आईची सीरियल राहते आणि कार्टून कटतं.

दुसरी, भाषा. वेगळ्या वाहिन्यांवरचं लेकरांचं जग हिंदीत गेलं. छोटा भीमचं ढोलकपूर आमच्या पिढीला पाठ, पण मराठीत बोलणारा तसा नायक नाही. २०२१ मध्ये ई टीव्ही बाल भारत मराठीसह अनेक भाषांत सुरू झाली, पण तोवर दोन पिढ्या हिंदी कार्टूनवर वाढल्या होत्या.

आता २०२० आठवा. शाळा बंद. ज्या घरी स्मार्टफोन नाही तिथलं लेकरू काय करणार? तेव्हा राज्यात 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. एमकेसीएलच्या फाउंडेशनने ती बनवली आणि २० जुलैपासून ती दाखवली सह्याद्रीवर. म्हणजे अडचण आली तेव्हा आपण परत त्याच मुख्य, मोफत वाहिनीच्या दारात गेलो. ब्रिटननेसुद्धा जानेवारी २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये प्राथमिकचे धडे सीबीबीसीवर दाखवले, पण माध्यमिकच्या मुलांसाठी बीबीसी टूच वापरली.

वेगळी वाहिनी वाईट असं माझं म्हणणं नाही. केंद्राने २०२२ च्या अर्थसंकल्पात शैक्षणिक वाहिन्या १२ वरून २०० करायची घोषणा केली, त्यात प्रादेशिक भाषाही आहेत. चांगलंच आहे. पण लेकरू स्वतःहून शैक्षणिक वाहिनीचा नंबर शोधत नाही. घरात जे चालू असतं ते बघतं.

माझी भाची पाच वर्षांची आहे. मोबाईलवर तिच्यासाठी अख्खं जग उघडं आहे. मागच्या महिन्यात विष्णुपुरीला अंगणात फुलपाखरू आलं, तर ती ओरडली, "मामा, तितली!" मी म्हटलं, फुलपाखरू. ती म्हणाली, "ते काय असतं?"

तिची काही चूक नाही. तिच्या भाषेतला तास आपण उठवला आणि नवीन जागा दिली नाही. रोज अर्धा तास, सह्याद्रीवर, मराठीत, ठरलेल्या वेळी. एवढं मागणं जास्त आहे का?

तुमच्या घरी बालचित्रवाणीची धून कुणाला येते का, विचारा. आणि कळवा. भेटू पुढच्या भागात.