कोरेगावचे खंडोजी जमादार आणि दगडावरची नावे

आपल्यापैकी ज्यांनी पुण्याहून नगरला एस.टी.ने प्रवास केला आहे त्यांना भीमा नदीचा पूल आठवत असेल. पुण्याकडून येताना नदीच्या अलीकडे, पेरणे गावच्या हद्दीत, एक उंच दगडी स्तंभ उभा आहे. नदीपलीकडचे गाव कोरेगाव. गाडी दोन मिनिटे थांबली तर थांबली, नाहीतर स्तंभ मागे पडतो. त्या दगडाशी आपल्या समाजाचे काही नाते आहे हे फारच थोड्यांना ठाऊक असेल. त्या नात्याकडे येण्याआधी एका शिपायाची व त्याच्या घराण्याची हकीकत सांगावी लागेल.

या शिपायाचे नाव खंडोजी बिन गजोजी जमादार, आडनाव माळवदकर. तारीख १ जानेवारी १८१८. त्या दिवशी कोरेगावात झालेल्या लढाईत खंडोजी इंग्रजांच्या कंपनीच्या फौजेत होते आणि जखमी झाले. लढाईचा वृत्तांत थोडक्यात असा. पुण्याच्या फौजेला मदत म्हणून कॅप्टन स्टाँटन शिरूरहून ३१ डिसेंबरच्या रात्री साडेआठ वाजता निघाला. त्याच्याबरोबर मुंबई पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे सुमारे ५०० शिपाई, ३०० च्या आसपास घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याचे २४ गोलंदाज व दोन तोफा होत्या. रात्रभर चालून सकाळी दहाच्या सुमारास ते भीमेकाठी पोहोचले, तो समोर दुसऱ्या बाजीराव पेशव्यांची छावणी! पेशव्यांची सारी फौज २८,००० ची मानली जाते. प्रत्यक्ष गावात घुसून लढले ते अरब, गोसावी आणि पायदळ यांच्या सहाशे-सहाशेच्या तीन तुकड्या. रात्रभर चाललेले, उपाशी, आणि नदी समोर असून पाण्याचा घोट मिळत नाही अशा स्थितीत कंपनीचे शिपाई रात्री नऊपर्यंत गावातल्या भिंतींच्या आडोशाने लढत राहिले. ८३४ पैकी २७५ जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. पाठीमागून जनरल स्मिथ येत असल्याने पेशव्यांची फौज निघून गेली, आणि स्टाँटन आपल्या जखमींना बरोबर घेऊन ३ जानेवारीच्या सकाळी शिरूरला परतला. त्याच वर्षी जूनमध्ये बाजीरावांनी शरणागती पत्करली व त्यांची रवानगी बिठूरला झाली.

कंपनी सरकारला या लढाईचे फार अप्रूप होते. पलटणीला ग्रेनेडियर हा किताब मिळाला. २६ मार्च १८२१ रोजी स्तंभाचा पाया घालण्यात आला. मेलेल्यांची नावे त्यावर कोरली. आता प्रश्न आला तो हा दगड सांभाळायचा कोणी? १३ डिसेंबर १८२४ रोजी हे काम खंडोजी जमादारांकडे सोपविण्यात आले. ते वंशपरंपरेने त्यांच्या घराण्याकडे राहावे असे ठरले, आणि देखभालीसाठी जमीन लावून देण्यात आली. अशा तऱ्हेने ज्या लढाईत जखम झाली त्याच लढाईच्या मैदानाशेजारी हा शिपाई जमीनधारक होऊन राहिला. मुलगा, नातू, पणतू यांना शेताबरोबर स्तंभही वारशात आला. फौजेतला हुद्दा नावाला असा चिकटला की जमादार हेच घराण्याचे नाव होऊन बसले. (जमादार म्हणजे हवालदाराच्या वरचा व सुभेदाराच्या खालचा हुद्दा, हे आपल्या जुन्या मंडळींना सांगायला नको.)

त्यांच्या नावातल्या ‘बिन’ या शब्दावरून एक गोष्ट सांगाविशी वाटते. जुन्या मराठी कागदपत्रांत बापाचे नाव सांगताना बिन लिहीत. हा शब्द अरबी. आखातात कतारच्या दोहा शहरात फरीज बिन ओमरान नावाची वस्ती आहे, तिथला बिन तोच, आणि आपल्या हिब्रू ‘बेन’चा तो सख्खा भाऊ. एखाद्या कारकुनाने सामाजी बिन हसाजी असे लिहिले, तर ते शमुवेल बेन यहेज्केल असेच झाले की!

आता आपल्या नात्याकडे येतो. स्तंभावर कंपनीच्या ४९ मृत शिपायांची नावे आहेत. त्यातली २२ नावे ‘नाक’ या अक्षरांनी संपतात. ते महार शिपाई. त्यांच्यासाठीच डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी येथे आले होते, आणि त्या तारखेला तेथे लोकांचा मोठा मेळा भरतो. उरलेल्यांत १६ मराठे, ८ रजपूत, दोन मुसलमान आणि एक किंवा दोन बेने इस्राएल अशी मोजदाद अभ्यासक करतात.

एक किंवा दोन, असा संशय का राहावा? कारण त्या काळची आपली नावे. अब्राहामचा आबाजी, मोशेचा मुसाजी, बिन्यामीनचा बनाजी, एलियाचा एलोजी. रहामीमचा तर चक्क रामाजी! पलटणीच्या हजेरीपटात असा रामाजी मराठ्यांच्या रांगेत सहज मिसळून जाई. दगडावर हुद्दा, शिपायाचे नाव आणि बापाचे नाव एवढेच कोरले आहे, गावाचे नाव नाही. आपल्याकडे तर सारी ओळख गावावरच. दिवे गावचा तो दिवेकर, किहीमचा तो किहीमकर, पेणचा तो पेणकर. ‘कर’ गेला की माणूस कोणत्या घरचा हे कळायचा मार्गच बंद झाला.

हे आपले लोक पलटणीत गेले कसे? कुलाब्याकडच्या गावांत आपला मुख्य धंदा तेलाचा घाणा. शनवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली. जोडीला कुणाची थोडी भातशेती, कुणाची नारळाची चार झाडे. वाटण्या होत गेल्या की एका घाण्यावर तीन भावांचे पोट भरेना. मुंबई समोर दिसत होती आणि कंपनीची पलटण महिन्याच्या महिन्याला रोख पगार देत होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आपली मुले त्या वाटेने गेली. कमांडंट सामाजी हसाजी दिवेकरांची कथा आपल्यापैकी प्रत्येकाने आजोबांच्या तोंडून ऐकली आहे: टिपूची कैद, सुटका, १७९६ साली मुंबईत बांधलेले शाआर हारहामीम, आणि सेफर तोरा आणायला कोचीनला गेले असता १७९७ साली आलेला मृत्यू. कोरेगावची लढाई त्यानंतर एकवीस वर्षांनी झाली. म्हणजे त्या पलटणीतले आपले शिपाई सामाजींच्या नातवांच्या वयाचे.

यातली अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. १८१८ साली अलिबाग आंग्र्यांकडे होते, आणि आंग्रे पेशव्यांना मानीत. पेण-पनवेलकडचा मुलूख खुद्द पेशवाईतला. मुलगा इंग्रजांच्या पलटणीत पेशव्यांवर बंदूक रोखून उभा, आणि घरी बाप त्याच पेशव्यांच्या किंवा त्यांच्या सरदाराच्या राज्यात सारा भरतो आहे. मराठे शिपायांचीही हीच गत. त्या काळी शिपाई निशाण पाहून नोकरी धरीत नसे, पगार पाहून धरी. आजच्या मापाने त्यांना फितूर म्हणणे किंवा मुक्तिवीर म्हणणे, दोन्ही मला घाईचे वाटते.

जे लढाईतून वाचले त्यांना पुढे पेन्शन मिळाली आणि त्यातले कित्येक कोकणात परतले. हातात रोख पैसा, अंगात शिस्त, आणि छावणीच्या शाळेत मुलांना मिळालेली अक्षरओळख. रेवदंड्याचे सिनेगॉग १८४२ चे, अलिबागचे १८४८ चे, पनवेलचे १८४९ चे. हा सारा पेन्शनर सुभेदार-जमादारांचा काळ. पण या पेन्शनरांना जमिनीने धरून ठेवले नाही. मुले मुंबई, पुणे, कराची, एडन अशी पांगली. शतकाच्या अखेरीस पलटणी जातवार कंपन्यांच्या झाल्या. आपली संख्या एवढीशी, स्वतःची कंपनी होण्याजोगी नव्हे. तेव्हा बढतीची वाट संपली आणि लोक रेल्वे, टपाल, शाळा, इस्पितळे यांकडे वळले. हाईम शमुवेल किहीमकरांनी १८९७ साली आपला इतिहास लिहिताना फौजेतल्या अंमलदारांची नावे धुंडून नोंदवली, म्हणून ती तरी राहिली. तो ग्रंथ छापला गेला १९३७ साली, तोही तेल अवीवमध्ये. साध्या शिपायांची नोंद कोण करणार?

खंडोजींच्या घराण्याला दगडाशेजारी जमीन मिळाली, म्हणून खंडोजींचे, त्यांच्या बापाचे आणि आडनावाचेही नाव राहिले. आपला जो आबाजी किंवा बनाजी त्याच दिवशी तेथे पडला त्याचे घर चार दिवसांच्या वाटेवर, घाटाखाली होते. त्याच्या आईला ही बातमी पोहोचली असेल ती सुट्टीवर आलेल्या एखाद्या शिपायाच्या तोंडून. स्तंभावर मजकूर इंग्रजीत आहे तसा मराठीतही आहे. इस्राएलहून पुण्याला जाणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कोणाला सवड झाली तर मराठी बाजू सावकाश वाचावी, आणि ‘नाक’ नसलेल्या नावांपाशी जरा जास्त वेळ थांबावे.