सायकलचा दिवा आणि चौरस्ता

बेळगावकरांना १८८८ हे साल किर्लोस्करांच्या संदर्भात परिचित आहे. त्या वर्षी तेथे निघालेल्या सायकलींच्या छोट्या दुकानातून पुढे केवढा उद्योगविस्तार झाला, हे सर्वश्रुत आहे. योगायोग असा, की इंग्लंडच्या पार्लमेंटने त्याच वर्षी सायकलीला कायद्याने ‘गाडी’ ठरवले. स्थानिक स्वराज्यविषयक कायद्यातील एका कलमान्वये सूर्यास्तानंतर एका तासापासून सूर्योदयापूर्वी एका तासापर्यंत सायकलस्वाराने पेटता दिवा बाळगणे बंधनकारक झाले.

या कलमाचा हेतू लक्षात घेण्याजोगा आहे. दिवा हवा तो स्वाराला रस्ता दिसावा म्हणून नव्हे. गाडी येत आहे आणि ती कोठे आहे, हे इतरांना कळावे म्हणून. स्वत: पाहणे आणि इतरांना दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याची जाण त्या काळीही होती. पुढे मात्र या दोहोंची गल्लत वारंवार झालेली दिसते, आणि तिची किंमत प्रामुख्याने चौरस्त्यांवर मोजावी लागली.

आरंभीचे दिवे तेलाचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्बाइडचे दिवे आले. कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडून ॲसिटिलीन वायू निघे आणि त्याची ज्योत लख्ख पांढरी जळे. त्या वायूचा उग्र वास आपल्याकडील जुन्या पिढीच्या विस्मरणात गेला नसेल. नंतर चाकाला घासून चालणारा डायनॅमो आला. तेल नको, कार्बाइड नको, काडीपेटी नको. परंतु त्यात एक मूलभूत उणीव होती. चाक थांबले की दिवा विझे. म्हणजे उजवीकडे वळण्यासाठी स्वार चौकाच्या मधोमध थांबला, की नेमका त्याच क्षणी तो अंधारात अदृश्य होई. ज्या ठिकाणी दिव्याची गरज सर्वांत अधिक, तेथेच तो साथ सोडी. थांबल्यावरही काही मिनिटे तेवत राहण्याची सोय या दिव्यांत पुष्कळ वर्षांनी आली.

मागील दिव्याचा इतिहास अधिक वादग्रस्त आहे. ब्रिटनमध्ये १९२७ च्या कायद्याने सायकलीच्या मागे तांबडा दिवा किंवा परावर्तक, आपण ज्याला रिफ्लेक्टर म्हणतो तो, आवश्यक केला. १८७८ मध्ये स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेचा मागील दिव्याच्या सक्तीला कडवा विरोध होता. तिचा युक्तिवाद असा : आपल्या दिव्याच्या प्रकाशात जेवढे अंतर दिसते, तेवढ्यातच गाडी थांबवता येईल अशा वेगाने हाकणे, हे मागून येणाऱ्या मोटारचालकाचे कर्तव्य आहे. सायकलीला मागे दिवा लावला, की ते कर्तव्य हळूहळू सायकलस्वाराच्या माथी येईल. आणि मग दिवा वाऱ्याने विझला तरी दोष मृताचाच ठरेल. हा युक्तिवाद नीतिदृष्ट्या निराधार नव्हता.

महायुद्धाने मात्र हा वाद निराळ्याच रीतीने निकालात काढला. सप्टेंबर १९३९ मध्ये हवाई हल्ल्यांच्या भीतीने ब्रिटनमधील रस्त्यांवरचे दिवे मालवले गेले. मोटारींच्या दिव्यांवर झाकणे आली. १९३८ मध्ये तेथे रस्त्यांवर ६,६४८ माणसे मृत्युमुखी पडली होती. १९४१ मध्ये हा आकडा ९,१६९ वर गेला, आणि तोही पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी कमी झालेल्या असताना. अंधारात सायकलीला मागील दिवा सक्तीचा झाला आणि युद्ध संपताना, १९४५ च्या कायद्याने, ती सक्ती कायम झाली. तत्त्व संघटनेच्या बाजूने असेलही. परंतु काळोखात मागून येणाऱ्या चालकाला तत्त्व दिसत नाही.

तरीही मागील दिव्याने चौरस्त्याचा प्रश्न सुटत नव्हता, कारण तेथे धोका मागून नव्हे, बाजूने आणि समोरून येतो. अमेरिकेत १९७० च्या दशकात संघीय आयोगाने विक्रीच्या सायकलींना पुढे, मागे, पायट्यांवर आणि बाजूंना परावर्तक बसवण्याचे नियम केले. कॅलिफोर्नियातील सायकलस्वार व अभियंता जॉन फॉरेस्टर यांनी त्यांना न्यायालयात आव्हान दिले. १९७७ च्या निकालात काही तरतुदींना मान्यता मिळाली नाही. परावर्तक मात्र टिकून राहिले. फॉरेस्टर यांचा मुद्दा साधा होता. परावर्तक स्वत: प्रकाश देत नाही, अंगावर पडलेला प्रकाश तो आल्या दिशेने परत पाठवतो. आडव्या रस्त्यावरून येणाऱ्या मोटारीचा झोत तिच्या समोर पडतो. बाजूने चौकाकडे येणाऱ्या सायकलीवर तो पडतच नाही. तो सायकलीच्या चाकावर पडेपर्यंत सायकल मोटारीच्या पुढ्यात आलेली असते. म्हणून चौकात उपयोगी पडतो तो पुढचा पेटता दिवाच. १८८८ चे कलम हेच सांगत होते.

दिव्याची उपयुक्तता पुढे प्रयोगानेही तपासली गेली. डेन्मार्कमधील ओडेन्से शहरात २००४-०५ मध्ये १,८४५ सायकलस्वारांना रात्रंदिवस लागणारे दिवे देण्यात आले आणि २,००० जणांच्या दुसऱ्या गटाशी त्यांची वर्षभर तुलना झाली. दिवे असलेल्यांत इजा होणाऱ्या अपघातांचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळले.

आपल्या शहरांत एके काळी बिनदिव्याच्या सायकलस्वाराला पोलीस हटकत असे. आज पहाटेच्या वा रात्रीच्या अंधारात सायकल चालवतो तो बहुधा वर्तमानपत्रे टाकणारा, दूधवाला किंवा पाळीवरून परतणारा पहारेकरी. केंद्र सरकारने २०२० मध्ये सायकलींच्या परावर्तकांच्या गुणवत्तेविषयी आदेश काढला, हे योग्यच झाले. पण चौकाचा धडा त्याहून पुढचा आहे. या माणसाच्या सायकलीला पुढे पांढरा व मागे तांबडा, थांबल्यावरही न विझणारा दिवा हवा. घड्याळ्याच्या सेलवर चालणारा तसा दिवा आता फार महाग राहिलेला नाही. आपल्या दारी रोज पहाटे येणाऱ्या सायकलीला तो आहे की नाही, एवढे पाहणे आपल्याला अवघड नाही. आणि तो नसला, तरी मोटारीतून जाताना चौकाआधी वेग आवरण्याचे आपले कर्तव्य संपत नाही. जुन्या संघटनेचे तेवढे म्हणणे आजही खरे आहे.