लहान चित्रें व त्यांचीं हत्यारें

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या कॉलेजांतील एक विद्यार्थी मजकडे तक्रार घेऊन आला. मोबाइलवर खेळावयाचा एक खेळ तो तयार करीत होता, व तो सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांवर बेतलेला होता. मत्स्यावताराच्या पानांसाठीं त्यानें मोठ्या हौसेनें एक मासा काढला होता. खवले, पर, डोळ्यांतील चमक, सर्व कांहीं यथास्थित होतें. परंतु चित्र बत्तीस घरें रुंद व बत्तीस घरें उंच एवढें लहान करतांच मासा नाहींसा होऊन त्याच्या जागीं एक करडा डाग उरला. आपण सॉफ्टवेअर चुकीचें निवडलें, असें त्याचें म्हणणें. मग कोणतें घ्यावें? इतिहासाच्या अध्यापकाला हा प्रश्न येण्याचें कारण इतकेंच कीं, गंजिफांची माहिती विचारावयास तो अधूनमधून घरीं येत असे. त्या दिवशीं मीं त्याला उत्तर दिलें नाहीं; मला तें येत नव्हतें. मागाहून थोडें वाचन व थोडी चौकशी केल्यावर जें हातीं लागलें तें येथें मांडतों. घरांतील मुलेंमुली या छंदाला लागलेल्या पाहून गोंधळलेल्या पालकांसही त्याचा उपयोग व्हावा.

पिक्सेल हा शब्द आतां घरोघर झाला आहे. पडद्यावरील चित्राचें तें सर्वांत लहान घर; एका घरांत एका वेळीं एकच रंग मावतो. ज्यांनीं आईला किंवा मावशीला मॅटीच्या कापडावर भरतकाम करतांना पाहिलें आहे, त्यांस याहून अधिक सांगावयास नको. आंखलेल्या कागदावरचा नमुना समोर ठेवावयाचा, घरें मोजावयाचीं, व एका घरास एक टांका घालावयाचा. पिक्सेल आर्ट म्हणतात ती बहुतांशीं हीच कला होय. ठिपका न् ठिपका हातानें व जाणून बसविलेला, हें तिचें लक्षण. मोठें चित्र लहान करून ती साधत नाहीं, आणि आमच्या विद्यार्थ्याची चूक नेमकी येथेंच झाली होती.

हें पटण्यासाठीं अमेरिकेस किंवा जपानास जाण्यापूर्वी आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीस जावें. गंजिफा हा खेळ मूळचा इकडचा नव्हे. बाबरानें १५२७ सालीं ठठ्ठ्याच्या शाह हसनाकडे गंजिफा पाठविल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रांत आहे. मोगली डावांत आठ गट व ९६ पानें असत. पुढें या खेळाला दशावतारांचें रूप मिळालें तेव्हां दहा गट व १२० वाटोळीं पानें झालीं. प्रत्येक गटांत राजा व प्रधान हीं दोन चित्रांचीं पानें, आणि एकापासून दहापर्यंत चिन्हांचीं दहा. मत्स्याचें चिन्ह मासा, कूर्माचें कासव, वामनाचें कमंडलु, परशुरामाचा परशु.

आतां जरा हिशेब करूं. एक ते दहा यांची बेरीज पंचावन्न. दहा गटांचीं मिळून चिन्हें होतात साडेपांचशें. राजा-प्रधानांचीं वीस चित्रें वेगळींच. म्हणजे एका संचासाठीं चिताऱ्याला पंचावन्न मासे काढावे लागत, पंचावन्न कासवें, पंचावन्न कमंडलु. जो मासा पंचावन्न वेळां काढावयाचा, त्याला खवले मोजून काढणें परवडत नाहीं. शिवाय हा खेळ तिघांचा. प्रत्येकाच्या वांट्यास चाळीस पानें येतात. एवढ्या गर्दींत चिन्ह क्षणांत ओळखूं आलें पाहिजे, आणि तेंही कधीं कधीं दिव्याच्या उजेडांत. कारण दिवसा रामाचा राजा ज्याच्या हातीं तो खेळी सुरू करतो, रात्रीं मात्र तो मान कृष्णाच्या राजाकडे जातो. म्हणून प्रत्येक गटाची जमीन निराळ्या रंगाची केलेली असते. चिन्ह दिसण्याआधीं रंग दिसतो, व रंगावरून अर्धें काम होतें. चिंचोक्यांची खळ, लाख व बारीक कुंचला एवढ्याच साहित्यांतून चिताऱ्यांनीं काढलेली ही युक्ति, आज खेळांचीं चिन्हें काढणाऱ्यांस पहिल्या धड्यांत शिकवावी अशा योग्यतेची आहे.

संगणकावरील खेळांच्या आरंभींही हीच टंचाई होती. १९७८ सालीं तोमोहिरो निशिकादो यानें ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचला तेव्हां चित्रें काढण्याचें तयार साधनच नव्हतें. त्यानें आपलीं साधनें आपणच बनविलीं. १९८१ च्या ‘डाँकी काँग’ मध्यें शिगेरू मियामोतोनें आपल्या नायकाला टोपी दिली ती शोभेसाठीं नव्हे. इतक्या थोड्या घरांत केस काढतां येईनात म्हणून टोपी, आणि तोंड काढतां येईना म्हणून मिशी! पुढें जगभर मारिओ या नांवानें ओळखली गेलेली मूर्ति ती हीच.

सूझन केअर या बाईंची हकीकत आमच्या प्रश्नाला अधिक जवळची आहे. १९८४ च्या जानेवारींत अ‍ॅपल कंपनीचा मॅकिंटॉश बाजारांत आला. त्यावरील कचऱ्याची टोपली, घड्याळ, बाँब, हसरा संगणक हीं चिन्हें त्यांनीं काढिलीं. काम सुरू केलें तेव्हां त्यासाठीं त्यांच्याजवळ सॉफ्टवेअर नव्हतें. त्यांनीं दुकानांतून आंखलेल्या कागदाची वही आणली. बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे १०२४ घरें, व रंग दोनच, काळा आणि पांढरा. त्यांना भरतकामाची व तुकड्यांच्या नक्षीची ओळख होतीच. चिन्हें भरण्याचें साधन सहकाऱ्यानें करून दिलें तें नंतर.

रंग भरण्याचीं सॉफ्टवेअरें त्यापूर्वीही होतीं. १९७३ सालीं झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत रिचर्ड शूपनें ‘सुपरपेंट’ चालविलें होतें, व त्यांत २५६ रंग होते; पण तें यंत्र घरगुती नव्हतें. घरांत पोचलें तें १९८५ चें ‘डिलक्स पेंट’. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनींत डॅन सिल्व्हानें मूळ घरच्या कामासाठीं तें लिहिलें होतें. अमिगा या संगणकावर ४०९६ छटांतून एका वेळीं बत्तीस निवडतां येत. बत्तीस रंगांची ही थाळी कलाकाराच्या डोळ्यांसमोर सतत मांडलेली असे, आणि थाळींतील एक रंग बदलला कीं चित्रांतील त्या रंगाचीं सर्व घरें बदलत. ही सोय लहान चित्राला अमोल आहे. त्याच्या फायलींची रचना कंपनीनें उघड प्रसिद्ध केली, म्हणून तीं चित्रें आजही उघडतां येतात.

१९९० सालीं थॉमस व जॉन नोल या बंधूंचें ‘फोटोशॉप’ निघालें तें निराळ्या कामासाठीं. छायाचित्र लहान करतांना तें शेजारच्या घरांच्या रंगांची सरासरी काढतें व कडा मऊ करतें. मुखचर्येच्या छायाचित्राला हें ठीक, किंबहुना आवश्यक. माशाच्या डोळ्याला तें मारक. काळें व पांढरें मिळून करडें होतें. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. तें आपलें काम चोख करीत होतें.

तेव्हां निवड करतांना सॉफ्टवेअरमध्यें काय काय आहे यापेक्षां, तें आपणहोऊन काय करीत नाहीं, हें आधीं पहावें. पेन्सिल कडा मऊ करीत नाहीं ना? रंगांची थाळी मोजकी ठेवतां येते ना? चित्र पूर्ण पटींनीं, घर न फोडतां, मोठें होतें ना? बत्तीस घरांचें चित्र सोळा पटींनीं वाढविलें कीं ५१२ होतें, व अँड्रॉइडच्या दुकानांत चिन्ह याच मापाचें मागतात. पांचशें घरांचें मागितलें असतें तर हिशेब बसला नसता. फाइल ठेवावी ती पीएनजींत. जेपेग छायाचित्रांसाठीं आहे, त्यांत कडांभोंवतीं मळ चढतो.

आज या कामासाठीं नांवाजलेलें सॉफ्टवेअर म्हणजे ‘एसप्राइट’. अर्जेंटिनाच्या डेव्हिड कापेलोनें २००१ पासून तें वाढविलें. तें विकत घ्यावें लागतें, आणि माझ्या मतें नियमित काम करणाऱ्यानें घ्यावें. २०१६ पर्यंत तें मुक्त परवान्याखालीं होतें. परवाना बदलल्यावर शेवटच्या मुक्त आवृत्तीवरून इतरांनीं ‘लिब्रेस्प्राइट’ चालविलें, व तें फुकट आहे. ‘पिक्सेलोरामा’ही तसेंच मुक्त. अगदीं नवख्यानें ‘पिस्केल’ ब्राउझरमध्यें उघडावें. ‘गिम्प’नेंही काम भागतें, मात्र ब्रश सोडून पेन्सिल हातांत घ्यावी लागते.

परवान्याची गोष्ट पालकांना वकिली वाटेल. तिचें महत्त्व मला सावंतवाडीनें शिकविलें. गेल्या शतकांत गंजिफा काढण्याची विद्या विझत चालली होती; शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं वृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली नसती तर रीत त्यांच्याबरोबरच गेली असती. एखाद्या सॉफ्टवेअरची फाइल दुसऱ्या कशांतच उघडत नसेल, तर त्यांतील चित्राचीही तीच गत. म्हणून मुलाला कोणतेंही सॉफ्टवेअर घेऊं द्यावें, पण प्रत्येक चित्राची एक पीएनजी प्रत आपल्याजवळ ठेवावयास सांगावें.

विद्यार्थ्यानें ‘लिब्रेस्प्राइट’ घेतलें. परंतु आधीं, माझ्या सांगण्यावरून, आजीकडून आंखलेला कागद मागून घेतला. आजी पूर्वी मॅटीवर भरीत असे. नवा मासा सोळा घरांचा व चार रंगांचा आहे. खवले गेले, शेपटी मोठी झाली, व दहाच्या पानावर दहाही मासे वेगळे ओळखूं येतात. डोळ्याला एकच घर मिळालें आहे. तें कोणत्या ओळींत असावें यावर मात्र नातवाचें व आजीचें अजून एकमत झालेलें नाहीं.