स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या मानवी सेल लाइन

रुग्णाच्या गाठीतून काढलेल्या आणि प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहणाऱ्या पेशींच्या कुळाला सेल लाइन म्हणतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी पॅन्क-१ (१९७५) आणि मिया पाका-२ (१९७७) या दोन सर्रास वापरल्या जातात. पहिली ५६ वर्षांच्या, दुसरी ६५ वर्षांच्या पुरुषाच्या गाठीतून मिळाली. भारतात ऊतिसंवर्धनाची पहिली प्रयोगशाळा कमल रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये उभारली. आज देशातल्या संशोधकांना अशा पेशी पुरवण्याचे काम पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र करते.

पेशी ३७ अंश सेल्सिअसला, पाच टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवतात. औषध घातल्यावर किती जगल्या, हे पाहण्याची नेहमीची रीत म्हणजे एमटीटी चाचणी. पिवळे द्रावण टाकायचे. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात. जांभळा रंग जितका फिका, तितक्या पेशी कमी उरल्या. मात्र पेशी मेल्या की त्यांची वाढ नुसती थांबली, हे रंगावरून कळत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बिब्बा इथे उदाहरणादाखल घेता येईल. कर्करोगाच्या पेशींवर त्याच्या अर्काचे प्रयोग झाले आहेत आणि ‘कर्करोगावर गुणकारी’ असे निष्कर्षही छापून येतात. पण बिब्ब्याचे तेल अंगाला लागले तर कातडीवर फोड उठतात. ते बशीतल्या पेशींनाही मारणारच. खरा प्रश्न पुढचा आहे : त्याच मात्रेत स्वादुपिंडाच्या निरोगी पेशी जगतात का? ही जोड-चाचणी नसलेल्या निबंधाला फारशी किंमत देऊ नये.

लाइनची निवडही निकाल फिरवते. या कर्करोगाच्या दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत केरास जनुक बिघडलेले असते, पण बिघाडाचे प्रकार वेगवेगळे. पॅन्क-१ मधला जी१२डी सर्वाधिक आढळतो. मिया पाका-२ मधला जी१२सी शंभरात जेमतेम एकदोघांत. बीएक्सपीसी-३ या लाइनीत तर हे जनुक शाबूत आहे. तेव्हा एकाच लाइनीवरचे यश सगळ्या रुग्णांना लावता येत नाही. शिवाय शरीरातली गाठ दाट तंतुमय ऊतीने वेढलेली असते आणि त्यातून औषध सहज झिरपत नाही. बशीत ते आवरण नसते. या उणिवेवर उपाय म्हणून आता त्रिमितीय पेशीगोळे आणि ऑर्गनॉइड वापरले जातात.

हाती आलेली लाइन खरोखर तीच आहे ना, हे डीएनएच्या एसटीआर चाचणीने पडताळावे लागते. मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा संसर्गही वेगळा तपासावा लागतो, कारण तो माध्यमाच्या गढूळपणावरून ओळखू येत नाही.